खाऊ, शाळा आणि घर : हप्त्याच्या आधीचा हिशोब



या महिन्याचा पाठ बैठकीत वाचायचा आहे. बचत जमा झाली, वसुली झाली, रजिस्टर लिहून झालं की अर्धा तास काढा. जिला वाचता येतं तिने मोठ्याने वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं आणि वाटेल तिथे थांबवून बोलावं. शेवटी प्रश्न दिले आहेत, ते सोडवल्याशिवाय उठू नका. वही-पेन जवळ ठेवा, कारण पाठ हिशोबाचा आहे.

विषय रोजचाच आहे. लेकरांचा खाऊ, त्यांची शाळा आणि आपलं घर. खाऊचा खर्च रोजचा, शाळेचा दर जूनचा आणि घराचा चार-पाच वर्षांतून एकदा. तिन्ही खर्च येणार हे आपल्याला आधीपासून माहीत असतं. तरीही खाऊचा हिशोब आपण ठेवत नाही, शाळेसाठी ऐनवेळी हात पसरतो आणि घरासाठी झेपेल त्यापेक्षा मोठं कर्ज उचलतो. मग तिन्हींची ओढाताण झाली की कुणाचं तरी काहीतरी थांबतं. बहुतेक वेळा ते मुलीचं शिक्षण असतं. असं होऊ नये म्हणून काय करायचं, ते आज पाहू.

१. खाऊचा डबा

आपल्या लहानपणी खाऊ म्हणजे बाजाराचा दिवस. आई बाजारातून येताना दिसली की आपण पळत जाऊन पिशवी धरायचो. भाजीच्या खाली कागदाच्या पुडीत शेव-चिवडा, गोडी शेव नाहीतर लिमलेटच्या गोळ्या असायच्या. जत्रेला जिलेबी, संक्रांतीला तिळगूळ, दिवाळीला फराळ. एरवी गुळाचा खडा आणि मूठभर शेंगदाणे, चिंचा, बोरं, उन्हाळ्यात कैऱ्या आणि करवंदं. आठवड्यातून एकदाच मिळायचा म्हणून त्या खाऊची वाट पाहण्यातही मजा होती.

आता गावातल्या प्रत्येक दुकानात पाच आणि दहा रुपयांच्या पुड्यांच्या माळा लटकतात. सकाळी सातला खुरपायला निघायचं असतं, लेकरू पदर सोडत नाही, समजूत काढायला वेळ नसतो. दहाची नोट हातात टेकवली की ते गप्प बसतं. यात आईला दोष द्यायचा नाही. पण हिशोब करून बघायला काय हरकत आहे?

घरात दोन मुलं, प्रत्येकाला रोज दहा रुपये. दिवसाचे २० झाले, महिन्याचे ६००, वर्षाचे ७,२०० रुपये. एवढी रक्कम एकदम द्यायची असती तर आपण दहा वेळा विचार केला असता. दहा-दहाने जाते म्हणून कळत नाही. शिवाय त्या पुडीत मीठ आणि तेल भरपूर, पोटाला आधार काही नाही. पुडी खाल्लेलं लेकरू दुपारी नीट जेवत नाही, हेही आपण रोज बघतो.

खाऊ बंद करा असं कुणी म्हणत नाही. मुलांना खाऊ हवाच. फक्त त्याचा वार ठरवा. आठवड्यातून एक-दोनदा दुकानातला खाऊ, बाकीचे दिवस घरचा. शेंगदाणा-गुळाचे लाडू, राजगिऱ्याचे लाडू, चुरमुऱ्याचा चिवडा, भाजलेले फुटाणे, उकडलेलं अंडं, मोसमातलं फळ. रविवारी मुलांना घेऊन लाडू वळले तर ते आठवडाभर पुरतात आणि मुलं स्वतः वळलेला लाडू आवडीने खातात. असं केल्यावर घरच्या सामानाचा खर्च धरूनही रोजच्या वीस रुपयांतले दहा वाचले, तरी महिन्याला ३०० आणि वर्षाला ३,६०० रुपये हातात राहतात. ते कुठे घालायचे ते पुढे बघू.

आणखी एक. वहीत लेकरांच्या दहा रुपयांबरोबर तंबाखूची पुडी, टपरीवरचा चहा, मोबाईलचा रिचार्जही लिहा. काटकसर फक्त आई आणि लेकरांनीच करायची असा नियम कुठे आहे? घरातल्या सगळ्यांचा खर्च वहीत आला तरच तो हिशोब खरा.

२. शाळेचा डबा

आधी जे फुकट मिळतं ते बघू. शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क त्याने दिला. जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली ते आठवीपर्यंत फी नाही. पाठ्यपुस्तकं आणि गणवेश शाळेतून मिळतात, दुपारचं जेवणही मिळतं. गावाबाहेर शिकायला जाणाऱ्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा मोफत पास मिळतो. पाचवी ते बारावीच्या ग्रामीण भागातल्या मुलींसाठी ही सोय आहे.

म्हणजे खर्च नाही असं मात्र नाही. दप्तर, वह्या, बूट, छत्री हे आपल्यालाच घ्यावं लागतं आणि नववीपासून खर्च वाढत जातो. हिशोबापुरतं आपण एक घर धरू. मुलगी दहावीत, मुलगा सहावीत. जूनमध्ये त्यांना एवढं लागलं असं समजा :

मुलीची पुस्तकं आणि वह्या – १,५०० रुपये
मुलीचा गणवेश – १,०००
मुलीचं दप्तर, कंपास – ७००
मुलीचे बूट-चप्पल – ५००
मुलाच्या वह्या, दप्तर, बूट – १,३००
दोघांना छत्री किंवा रेनकोट – ६००
किरकोळ – ४००
एकूण – ६,००० रुपये

तुमचा आकडा कमी-जास्त असेल, तुमचाच लिहा. आता हे सहा हजार कुठून आणायचे? रस्ते तीन आहेत.

पहिला रस्ता सावकाराचा. जूनमध्ये पेरणीचीही घाई असते. बी-बियाणं, खत, मजुरी सगळं एकदम येतं आणि नाईलाजाने शेकडा ५ रुपये महिन्याने पैसे उचलले जातात. सहा हजाराला महिन्याचं व्याज ३०० रुपये. पीक निघेपर्यंत, धरा दहा महिने, फेडता आले नाहीत तर व्याजच ३,००० होतं. सहा हजाराची शाळा नऊ हजाराला पडते.

दुसरा रस्ता गटाचा. शेकडा २ रुपये महिना दराने ६,००० घेतले आणि दर महिन्याला १,००० मुद्दल फेडलं, तर व्याज पहिल्या महिन्याला १२०, मग १००, ८०, ६०, ४० आणि २० रुपये. सहा महिन्यांत मिळून ४२०. सावकाराशी तुलना केली तर हे काहीच नाही आणि हे व्याज गटातच राहतं. म्हणून अडचणीला हा रस्ता चांगला.

तिसरा रस्ता बचतीचा. जुलैपासून दर महिन्याला ५०० रुपये बाजूला काढले तर पुढच्या जूनपर्यंत बारा महिन्यांत ६,००० तयार. दिवसाला सतरा रुपयेसुद्धा नाहीत. खाऊतून वाचलेले महिन्याचे ३०० यात घातले की उरतात फक्त २००. व्याज शून्य आणि गटाचे पैसे आजारपणासाठी, एखाद्या ताईच्या शेळीसाठी मोकळे राहतात.

गोष्ट साधी आहे. आजारपण कधी येईल ते माहीत नसतं, त्याला कर्ज घ्यावं लागतं. जून मात्र दर वर्षी येतो, सांगून येतो. सांगून येणाऱ्या खर्चाला बचत आणि न सांगता येणाऱ्या खर्चाला कर्ज, एवढं लक्षात ठेवा.

हे पैसे घरात डब्यात ठेवू नका. घरातला पैसा पाहुणे आले की चहा-साखरेला जातो. तुमच्या गटात नियमित बचतीशिवाय जादा बचत घेण्याची पद्धत असेल तर तिथे ठेवा, तसा ठराव करा आणि पासबुकात वेगळं लिहून घ्या. तशी पद्धत नसेल तर बँकेत किंवा पोस्टात खातं आहेच. ज्यांच्याकडे दूध आहे त्यांनी दर दहा दिवसांच्या दुधाच्या पैशातून काढावं. ज्यांची मजुरी आहे त्यांनी आठवड्याच्या बाजाराला जायच्या आधी काढावं. बाजारातून आल्यावर काही उरत नाही.

मुलगी लहान असेल तर लांबचाही विचार करा. सुकन्या समृद्धी योजनेत मुलगी दहा वर्षांची व्हायच्या आत पोस्टात किंवा बँकेत खातं उघडता येतं. वर्षाला कमीत कमी २५० रुपये भरावे लागतात. मुलगी दहावी पास झाली किंवा १८ वर्षांची झाली की शिक्षणासाठी निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते. १ एप्रिल २०२३ नंतर मुलगी जन्मली असेल आणि घरात पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर लेक लाडकी योजनेची चौकशी अंगणवाडीताईंकडे करा.

कागदपत्रांचंही तसंच. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, रहिवासी दाखला, मुलीचं बँक खातं आणि त्याला आधार जोडणं ही कामं एप्रिल-मेमध्ये उरका. दहावीचा निकाल लागला की सेतू केंद्रावर रांगा लागतात आणि एका दाखल्यासाठी प्रवेशाची तारीख हुकते.

३. घराचा डबा

आता घराकडे वळू. प्रत्येकीला वाटतं, आपलं घर नीट असावं. पावसाळ्यात भांडी मांडून गळती झेलायची, उघड्यावर अंघोळ करायची, धुरात डोळे चोळत भाकरी थापायची, हे कुणाला आवडेल? घर सुधारणं ही चैन नाही. त्यात आपली तब्येत आहे आणि लाजही आहे.

पण सुधारणा करताना क्रम चुकतो. दर्शनी भिंतीला रंग आणि दाराला नक्षी आधी होते, मागे न्हाणीला पोत्याचा आडोसा तसाच राहतो. क्रम असा लावून बघा :

पहिलं, ज्याने आजार येतो ते. गळणारा पत्रा, ओल, धूर, संडास.
दुसरं, ज्याने बाईचे कष्ट वाढतात ते. न्हाणी, पाण्याची टाकी, स्वयंपाकाचा ओटा, सांडपाण्याचा शोषखड्डा.
तिसरं, ज्याने मुलांच्या अभ्यासाला मदत होते ते. एक चांगला दिवा, एक कोपरा, वह्या-पुस्तकांना एक फळी.
शेवटी, लोकांना दिसतं ते. रंग, नक्षी, गेट.

कामाला पैसे कमी पडले की कर्ज घ्यावं लागतं. तिथे एक प्रश्न न लाजता विचारायचा : व्याज सरसकट आहे की घटत्या शिल्लकेवर? दोन्हीकडे दर ‘१२ टक्के’ सांगतात, पण पैसे सारखे जात नाहीत. ५०,००० रुपये दोन वर्षांसाठी घेतले असं धरा. सरसकट १२ टक्क्यांनी दोन वर्षांचं व्याज होतं १२,००० आणि हप्ता साधारण २,५८३. कारण आपण मुद्दल फेडत आलो तरी व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण पन्नास हजारांवर लावलेलं असतं. घटत्या शिल्लकेवर १२ टक्क्यांनी हप्ता साधारण २,३५४ आणि एकूण व्याज साधारण ६,५००. दर तोच, फरक साडेपाच हजारांचा. घरपोच कर्ज देणारा कुणी दारात आला तर सही करायच्या आधी हे विचारा, आणि हप्त्यांचा तक्ता कागदावर मागा.

आणि कर्ज आपण फेडतो तर घरावर नाव कुणाचं, हेही बघा. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या उताऱ्यावर नवऱ्याबरोबर बायकोचंही नाव लावता येतं. त्यासाठी ग्रामपंचायतीत अर्ज द्यावा लागतो. घरात शांतपणे हा विषय काढा. भांडणाचं कारण नाही, संसार दोघांचा आहे तर उताराही दोघांचा असावा.

४. तिन्ही डबे एका ठिकाणी मांडू

मघाचंच घर घेऊ. रोजचा खर्च भागवून त्यांच्याकडे महिन्याला ३,००० रुपये उरतात. पत्रे, न्हाणी आणि फरशी अशा तिन्ही कामांना ५०,००० लागणार. घटत्या शिल्लकेवर १२ टक्क्यांनी हप्ता २,३५४. ताई म्हणते, तीन हजार उरतात, हप्ता सहज जाईल. गटही म्हणतो, जाईल. कर्ज मंजूर होतं.

शाळेच्या डब्यात ५०० जातात तोवर गाडी चालते. हप्ता आणि डबा मिळून २,८५४. पण पुढच्या वर्षी मुलगी अकरावीला जाणार आहे. कॉलेज तालुक्याला. प्रवेश, पुस्तकं, वर्गाला घालायचे कपडे, कधी एसटी चुकली तर वडापचं भाडं. समजा शाळेचा डबा आता महिन्याला १,००० मागतो. हप्ता आणि डबा मिळून झाले ३,३५४. महिन्याला ३५४ रुपये कमी.

आता बघा काय होतं. हप्ता चुकवता येत नाही, गटात नाव खराब होईल. फरशी उखडता येत नाही. पोराची शाळा तर चालूच आहे. मग कुणीतरी म्हणतं, मुलीला एवढं शिकवून काय करायचं, दहावी झाली ना? पास फुकट असला, फी नसल्यासारखी असली तरी साडेतीनशे रुपयांसाठी मुलगी घरी बसते. आणि घरी बसलेल्या मुलीसाठी स्थळं यायला वेळ लागत नाही. १८ वर्षांच्या आत मुलीचं लग्न लावणं हा गुन्हा आहे हे गावात सगळ्यांना माहीत असतं, तरी ‘घरीच आहे’ म्हटलं की बोलणी सुरू होतात.

या घराचं गटाच्या रजिस्टरमध्ये काय दिसतं? वसुली शंभर टक्के. थकबाकी असती तर लाल शाईने लिहिली असती. मुलीची सुटलेली शाळा लिहायला रजिस्टरमध्ये रकानाच नाही.

मग करायचं काय? घर सुधारायचंच, पण टप्प्याने. या वर्षी पत्रे आणि न्हाणी, २५,००० मध्ये. त्याच दराने दोन वर्षांचा हप्ता येतो साधारण १,१७७. त्यात कॉलेजचे १,००० मिळवले तर २,१७७. तीन हजारांतून ८०० च्या वर उरतात, ते अडीअडचणीला. हे कर्ज फिटलं की फरशी. तोवर मुलगी बारावी झालेली असेल. फरशी दोन वर्षांनी घातली तरी ती तशीच बसते. दोन वर्षं घरी बसलेली मुलगी पुन्हा कॉलेजात जाणं फार अवघड असतं.

म्हणून नियम असा : हप्ता ठरवायच्या आधी शाळेचा डबा बाजूला काढा. उरलेल्या पैशात बसेल तेवढाच हप्ता घ्या. आणि शाळेचा डबा आजच्या इयत्तेप्रमाणे धरू नका, कर्ज फिटेपर्यंत मूल ज्या इयत्तेत जाईल तिथपर्यंतचा धरा.

यात गटाचं काम मोठं आहे. कर्ज मागणी आली की आपण विचारतो, कशासाठी हवं, फेडशील कशी, जामीन कोण? त्यात चौथा प्रश्न घाला : या हप्त्यात मुलांचं शिक्षण चालू राहील ना? कुणाच्या घरात डोकवायचं म्हणून नाही, आपली सगळ्यांची लेकरं म्हणून. उत्तर अवघड वाटलं तर कर्ज नाकारायचं नाही. रक्कम दोन टप्प्यांत द्या, नाहीतर हप्ता लहान करून मुदत वाढवा. मुदत वाढली की व्याज थोडं जास्त जातं, ते ताईला आधी समजावून सांगा.

बैठकीत बोलायचे प्रश्न

१. गेल्या जूनमध्ये शाळेचे पैसे कुठून आणले? प्रत्येकीने एका वाक्यात सांगावं.
२. आपल्या गटातल्या कुणाची मुलगी गेल्या दोन वर्षांत दहावीनंतर घरी बसली का? खरं कारण काय होतं? आज गट तिच्यासाठी काय करू शकतो?
३. मुलगा पैसे भरून इंग्रजी शाळेत आणि मुलगी फुकटच्या शाळेत, असं आपल्याकडे किती घरांत आहे? का?
४. तुमच्या घरात पुढची सुधारणा कोणती, आणि ती ठरवली कुणी?

घरी करायचं काम

सात दिवस खाऊचा, पुडीचा आणि टपरीचा खर्च वहीत लिहा. लिहिता येत नसेल तर मुलीकडून लिहून घ्या. तिलाही घराचा हिशोब कळू द्या. पुढच्या जूनची यादी करा, बेरीज करा, बाराने भागा. जो आकडा येईल तो शाळेचा डबा. जून चार महिन्यांवर आला असेल तर बाराने नाही, चारने भागा. तेवढं काढणं जमत नसेल तर जमेल तेवढी बचत करा आणि कमी पडेल तेवढंच गटाकडून घ्या. मग जुलैपासून पुढच्या वर्षाची सुरुवात करा.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपला आकडा घेऊन यायचं आहे. सगळ्यांचे आकडे आले की शाळेच्या बचतीचा ठराव घ्या आणि कर्ज मागणीच्या वेळचा चौथा प्रश्न त्याच ठरावात लिहून टाका. ठरावाची एक प्रत ग्रामसंघाच्या बैठकीत द्या, म्हणजे बाकीच्या गटांनाही त्याचा उपयोग होईल.